बघ्याची जागा

यादवगिरी, मैसूर. आजची संध्याकाळ.

तुमच्यापुढे एक जुनी जावा उभी आहे. मरून रंगाची टाकी, तिच्या दोन्ही गालांवर क्रोम, मागे दोन अंगांना दोन सायलेन्सर. सिलिंडर मात्र एकच. दोन सायलेन्सर बघून नवखा माणूस फसतो, तसे तुम्हीही फसलात आणि गाडीचे मालक हसले. सत्तरीचे गृहस्थ. भावसार समाजातले, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. वडील शिंपीकाम करायचे. हे मात्र तरुणपणीच यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या कारखान्यात लागले. इराणी कुटुंबाचा कारखाना. १९६१ साली जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते सुरू झाला. ते तेव्हा मैसूर राज्याचे राज्यपाल होते. झेकोस्लोव्हाकियाची जावा तेव्हापासून मैसूरची झाली. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ नाव आलं. १९९६ साली कारखान्याला टाळं लागलं.

“रात्रीची रॅली बघायचीय ना तुम्हाला?” काका विचारतात. “मग बसा. पण एक अट. जाल तिथे नुसतं बघायचं. पुढे काय होणार ते कुणाला सांगायचं नाही.”

पेट्रोलचा कॉक उघडा. कार्ब्युरेटरवरची ती बारीक कळ पेट्रोल पाझरेपर्यंत दाबा. हेडलाइटच्या डोक्यावरच्या भोकात खिळ्यासारखी किल्ली रोवा. आता डाव्या पायाशी बघा, गिअरचा दांडा. तो आत दाबून वर फिरवला की तोच किकचा दांडा होतो. सुरू करायला आणि पुढे न्यायला एकच दांडा, ही जावाची जुनी खुबी.

मारा किक.

*

इगतपुरी, थळ घाटाचा माथा. रविवार, १ डिसेंबर १९६८.

आधी थंडी जाणवते. मग वास: कापलेल्या भाताच्या पेंढ्याचा, शेकोटीचा, घाट चढून आलेल्या ट्रकच्या तापलेल्या रबराचा. मार्गशीर्षातला शुद्ध पक्ष आहे, पौर्णिमा तीन-चार दिवसांवर. चांदण्यात मुंबई-आग्रा रस्ता राखाडी पट्टीसारखा दिसतो आणि त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना काळी किनार आहे. ती किनार माणसांची आहे, हे कुणीतरी बिडी पेटवल्यावर तुम्हाला कळतं.

घोंगड्या पांघरलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, पाळी संपवून आलेले रेल्वेचे कामगार, नाशिकहून एसटीनं आलेली कॉलेजची पोरं. शेंगदाणेवाल्यानं पेट्रोमॅक्स लावलाय, त्याच्याभोवती सगळ्यात दाट घोळका. खाली कसाऱ्याच्या बाजूनं आगगाडी चढते आहे. पुढचं इंजिन शिट्टी देतं आणि मागून गाडी ढकलणारं इंजिन तिला उत्तर देतं.

घोळक्यात एक मास्तर आहेत. हातात वर्तमानपत्र. ते वाचून दाखवत नाहीत, समजावून सांगतात. तेच बरं, कारण त्या उजेडात अक्षर लागायचं नाही.

“गेल्या रविवारी लंडनहून निघाल्या. क्रिस्टल पॅलेस म्हणून जागा आहे, तिथून. अठ्ठ्याण्णव मोटारी.”

“लंडनहून? रस्त्यानं?”

“रस्त्यानं.”

“अन् मधला समुद्र?”

“तिकडचा धाकटा समुद्र बोटीनं. मग पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली. सगळं चाकावर.”

“काबूलात काय रस्ता आसंल?” एक घोंगडीवाले बाबा विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. याच गाड्या काबूलजवळच्या लताबंद खिंडीतून आल्यात. तिथे रस्ता म्हणण्यासारखं थोडंच होतं, बाकी दगड आणि धूळ. त्या टप्प्यात सगळ्यात वेगानं गेला तो रॉजर क्लार्क, आपल्या लोटस कॉर्टिनामध्ये. आज रात्री मुंबईला पोचेल तेव्हा तोच आघाडीवर असेल. पण हे तुम्ही मनातच ठेवा. अट आठवते ना?

मास्तर पुढे सांगतात. दोन वर्तमानपत्रांनी मिळून ही रॅली काढलीय, एक लंडनचं, एक सिडनीचं. मुंबईहून मोटारी ‘चुसान’ नावाच्या जहाजावर चढणार, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला उतरणार आणि तिथून पुन्हा रस्त्यानं सिडनी. सगळं मिळून सोळा हजार किलोमीटर. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. मास्तर बोटांवर गुणाकार करतात. गेल्या वर्षी पौंड घसरला, आता अठरा रुपयांचा धरा. “एक लाख ऐंशी हजार.” घोळका गप्प होतो. शेकोटीत लाकूड तडकतं.

आता वाट बघा. रॅली बघणं म्हणजे नव्वद टक्के हेच. क्रिकेटच्या मैदानावर खेळ दिवसभर तुमच्यासमोर असतो, कुस्तीच्या फडात मल्ल लाल मातीतच राहतात. रॅलीचं उलटं. खेळ शेकडो कोसांवर पसरलेला आणि तुमच्या वाट्याला त्यातलं एक वळण. त्या वळणावर प्रत्येक गाडी चार-पाच सेकंद तुमची, मग पुढच्या गावाची. तिकीट नाही, खुर्ची नाही, गुणफलक नाही. जिंकतंय कोण हे उद्या पेपरात कळणार, तेही पेपर गावात आला तर.

दोनदा फसगत होते. पहिल्यांदा दिवे दिसतात, पोरं ओरडतात, आणि येते एसटी. ड्रायव्हर रस्त्याच्या दुतर्फा माणसं बघून चक्रावतो, वेग कमी करतो, मग मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना हात हलवतो. त्याला टाळ्या मिळतात. दुसऱ्यांदा टाटा-मर्सिडीज ट्रक, कांद्यानं भरलेला. त्यालाही टाळ्या.

आणि मग उजेड येतो.

हा उजेड निराळा आहे. इथल्या माणसांना मोटारीचा दिवा माहीत आहे तो पिवळट, अॅम्बेसेडरचा, फियाटचा, स्टँडर्डचा. देशात मोटारी म्हणजे एवढ्याच, त्याही नंबर लावून वर्षांनी मिळणाऱ्या. हा उजेड चुन्यासारखा पांढरा आहे. चार दिव्यांचा, सहा दिव्यांचा. तो आधी झाडांच्या शेंड्यांवर येतो, मग खडकावर, मग एकदम तुमच्या तोंडावर. डोळे मिटायच्या आत गाडी वळणात शिरलेली असते, दारावरचा पांढरा आकडा चमकतो, ब्रेकचा करपट वास येतो आणि मागचे लाल ठिपके खालच्या वळणाआड जातात.

“गेली?”

“गेली.”

“कोणची होती?”

कुणालाच माहीत नसतं. सगळे हसतात. पुढचा दिवा दिसेपर्यंत त्या चार सेकंदांचं वर्णन चार जण चार परीनं करतात.

इथे तुमच्या शेजारचा एक दहा-बारा वर्षांचा पोरगा घसरत घसरत वळणाच्या बाहेरच्या अंगाला गेलाय, दरीकडच्या काठावर. तिथून गाडी समोरून येताना दिसते, म्हणून त्याला ती जागा भारी वाटते. तुम्ही त्याचा हात धरून त्याला मागे ओढा. अट सांगण्याविषयी आहे, हात धरण्याविषयी नाही. वेगातली गाडी ताबा सोडते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाते. आतल्या अंगाला, रस्त्यापेक्षा उंच जागी उभं राहणारा वाचतो. इटलीत मिले मिलियाच्या शर्यतीत १९५७ साली टायर फुटलेली फेरारी बघ्यांत घुसली आणि नऊ बघे मेले. त्यात पाच पोरं होती. खुल्या रस्त्यावरची ती शर्यत त्यानंतर संपली. पोर्तुगालच्या रॅलीत १९८६ साली पुन्हा तेच होणार आहे. रस्त्यावर पसरलेल्या गर्दीत फोर्ड शिरेल, तिघं मरतील, आणि ‘ग्रुप बी’ नावाच्या त्या अफाट गाड्या वर्षअखेरीस मोडीत निघतील. इगतपुरीच्या पोराला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की एका परक्या माणसानं त्याची चांगली जागा घालवली. तो तुमच्यावर रुसतो आणि वरच्या खडकावर जाऊन बसतो.

गाड्या आता मिनिटाभराच्या, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं येऊ लागतात. पोर्शे येते, तिच्या नाकापुढे लोखंडी पिंजरा.

“हे काय आता?”

“म्हशी आडव्या येतात ना रस्त्यात,” बाबा ठामपणे सांगतात. “त्येंनी समद्या रस्त्याची माहिती काढलीया.”

पिंजरा कांगारूंसाठी आहे. पण बाबांचं फार चुकलेलं नाही; घाटाखाली शहापूरच्या वाटेवर तो म्हशीलाही चालेल. रशियाच्या मॉस्कविच येतात, चार निघाल्यात आणि चारही सिडनी गाठणार आहेत. एक छोटी एमजी येते, जीन डेंटन नावाच्या बाईची. तीही सिडनी गाठेल. पाठीमागच्या बायकांमधली एक विचारते, “बाई चालवतीया?” तोवर एमजी खालच्या वळणावर असते.

मग एक गाडी येते जिचा उजेड गाडीच्या आधी वळतो.

सिट्रोएन डीएस. त्या काळच्या नव्या डीएसचे आतले दिवे स्टिअरिंगबरोबर फिरत. त्यामुळे वळणावर गाडीचं नाक अजून सरळ असताना प्रकाश मात्र पुढच्या खडकावर पोचलेला असतो, जणू रस्ता हुंगत येणारं जनावर. गाडी खड्ड्यावरून जाते तेव्हा उडत नाही, पाण्यावरच्या होडीसारखी डुलते. आत आहेत ल्युसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओझिए. मुंबईत पोचेपर्यंत ते तिसरे असतील. ऑस्ट्रेलियात इतरांच्या गाड्या मोडत जातील आणि हे पहिले होतील. आणि सिडनी जवळ आलेलं असताना, नौराजवळ, समोरून आलेली एक मिनी त्यांच्यावर आदळेल. मागून येणारा पॅडी हॉपकर्क स्वतःची जिंकायची संधी सोडून मदतीला थांबेल आणि दुसरा येईल. बियांकी त्या अपघातातून वाचेल. पुढच्या मार्चमध्ये मात्र ल मांच्या ट्रॅकवर सराव करताना तो जाईल.

तुम्ही हे सगळं जाणून खडकावर उभे आहात. त्याचे लाल दिवे वळणाआड जाताना बघता. ओरडून सांगण्याइतका तो जवळ होता. पण बघ्याला तेवढीच मुभा: बघण्याची.

आणखी काही वेळानं एक साधीशी, चौकोनी, कुणाच्या लक्षात न येणारी हिलमन हंटर जाते. दारावर ७५. एव्हाना पोरं पेंगलीत, शेंगदाणे संपलेत, थंडी हाडात शिरलीय. एखाददुसरी टाळी वाजते. तुम्ही मात्र जोरानं वाजवा. अँड्र्यू काउवन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल हे तिघं त्या गाडीत आहेत आणि ही रॅली तेच जिंकणार आहेत. शेजारचे बाबा तुमच्याकडे चमकून बघतात.

“हिच्यात काय हाय येवढं?”

“काही नाही बाबा. सहज.”

मुंबईपर्यंत पोचलेल्या मोटारी बहात्तर. सिडनीला पोचणाऱ्या छप्पन्न. पण घाटमाथ्यावर एवढा हिशोब कुणी ठेवत नाही. एक वेळ अशी येते की बराच वेळ काहीच येत नाही. मग दिवे दिसतात, आणि ते ट्रकचे असतात. आता कुणी टाळ्या वाजवत नाही. रस्ता पुन्हा रोजचा झालेला असतो.

रुसलेला पोरगा खडकावरून खाली येतो.

“परत येत्याल?”

“नाही.”

“उद्या?”

“नाही रे.”

तो थोडा विचार करतो. “पन ह्याच रस्त्यानं गेल्या ना?” आणि पायातल्या चपलेनं डांबर चाचपून बघतो.

किक मारा. दांडा आत दाबून वर घ्यायला विसरू नका.

*

पांडवपुऱ्याकडचा कालव्याचा रस्ता, मैसूरजवळ. १९८० च्या दशकाचा मध्य. रात्रीचा दीड.

इथे गर्दी नाही. तुम्ही, गुऱ्हाळावरचे चौघं, एक कुत्रं, आणि विशी-तिशीच्या मधला एक तरुण, येझदी रोडकिंगला टेकून उभा. चेहरा ओळखीचा वाटतो? वाटणारच. काकाच ते. फक्त केस काळे, आणि आज ते तुमच्याहून लहान आहेत म्हणून तुम्हाला ‘अण्णा’ म्हणतात.

कृष्णराजसागराच्या पाण्यावर पोसलेला उसाचा मुलूख हा. कालव्याच्या कडेनं एकेरी रस्ता, दोन्ही अंगांना पुरुषभर उंच ऊस, वर धुकं. गुऱ्हाळाला इथे आलेमने म्हणतात, पण काहील तीच, चुलवणात ढकलली जाणारी चिपाडं तीच, आणि रस उकळून दाट होताना येणारा वासही कोल्हापूरकडचाच. गुळव्या तुमच्या हातावर गरम काकवी ठेवतो.

“आज इथून रॅली आहे,” तरुण काका सांगतात. “वेगाची नाही, वेळेची.”

हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. रस्ता खुला आहे, त्यावर बैलगाडीही चालू शकते, म्हणून इथे जोरानं पळण्याला बक्षीस नाही. आयोजक प्रत्येक टप्प्याला एक सरासरी वेग ठरवून देतात. समजा ताशी चाळीस. मग अमुक किलोमीटरवर तुम्ही अमुक सेकंदाला असायला हवं. उशीर झाला की दंड. लवकर पोचलात तरी दंड, आणि बऱ्याच रॅलींत तो उशिराहून जबर. वेळ टिपणारे चौकीदार कुठे बसलेत हे स्पर्धकांना सांगितलेलं नसतं. गाडीत दोघं: एक चालवणारा, एक वाट दाखवणारा. वाटाड्याच्या मांडीवर वही, वहीत गावांची नावं जवळजवळ नाहीतच, नुसत्या बाणांच्या आकृत्या. ठिपक्यापासून आलात, बाणाकडे निघा, डावीकडे देऊळ, अमुक अंतर. या आकृत्यांना ट्युलिप म्हणतात. हॉलंडच्या ट्युलिप रॅलीमुळे पडलेलं नाव ते. हातात घड्याळ, कपाळाशी बारका दिवा, आणि डोक्यात अखंड त्रैराशिक.

बंगळुरूच्या कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबनं सत्तरच्या दशकात ‘के-१०००’ ही रॅली सुरू केली. कर्नाटकातल्या पोरांना रॅलीचं वेड लागलं त्यात तिचा वाटा मोठा. तिच्या आजूबाजूला लहान-मोठ्या क्लबांच्या रात्रीच्या रॅली वाढल्या. आजची त्यातलीच एक समजा. नाव विचारू नका. गुळव्याच्या लेखी ती नुसती ‘रेस’ आहे.

“बंतु, बंतु!” चिपाडं टाकणारा पोरगा ओरडतो. आली, आली.

उसाच्या शेंड्यांवर उजेड हलतो. गाडी दिसत नाही, नुसता आवाज कधी डावीकडून, कधी समोरून. कालवा वळत जातो तसा आवाज वळतो. मग धुक्यातून दोन पिवळे गोळे निघतात आणि एक प्रीमियर पद्मिनी सुसाट तुमच्या पुढ्यातून जाते. चिखलाचे शिंतोडे काकवीत. गुऱ्हाळावरचे चौघंही टाळ्या पिटतात. “हाच पहिला!”

दोन मिनिटांनी दुसरी गाडी. नवी मारुती. पण ही चक्क रांगते आहे. खिडकीतून आत दिसतं: वाटाड्या घड्याळाकडे बघत तोंडानं आकडे मोजतोय, चालवणारा सायकलच्या वेगानं गाडी सोडतोय. गुळव्याला दया येते. “बिघडली बिचाऱ्याची,” असं काहीतरी तो कन्नडात म्हणतो.

काका हसू दाबतात. “अण्णा, पुढच्या वळणाला पिंपळामागे चौकी आहे. मघाशी जाऊन बघून आलो. पहिला वाट चुकून उशीर करून बसला, म्हणून पळतोय. हा दुसरा वेळेत आहे, थोडा आधीच आलाय, म्हणून सेकंद खातोय. जिंकतोय तो हाच.”

गुऱ्हाळावर हे सांगितलं जातं. आधी कुणाचाच विश्वास बसत नाही. मग गुळव्या काहिलीकडे बघतो, पळीनं रस उचलून धार सोडतो आणि मान डोलावतो. त्याला हे कळायला वेळ लागत नाही. गूळ क्षणभर आधी उतरवला तर बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. यापुढे प्रत्येक गाडीला तो वेगावरून नाही, वाटाड्याच्या तोंडाकडे बघून मार्क देतो. इगतपुरीच्या गर्दीला गाडी दिसली होती. या चौघांना आता खेळ दिसू लागलाय.

मोकळा वेळ मिळतो तेव्हा काका उत्तरेकडच्या काळ्या डोंगराकडे बोट करतात. मेलुकोटे. “तुमचे मराठे आले होते इथे.” खरं आहे. मे १७९१ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन इथे पोचले, टिपूविरुद्ध इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसला मिळायला. पण श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी रसद संपून अडकलेल्या कॉर्नवॉलिसनं थोड्याच दिवसांपूर्वी आपल्या अवजड तोफा स्वतःच्या हातानं निकामी करून माघार घेतली होती. वेढा पुढच्या वर्षावर गेला.

“काही दिवसांचा उशीर,” काका म्हणतात, “आणि दंड एक वर्ष.”

मग दुचाक्या येतात. त्यांचा आवाज लांबूनच वेगळा कळतो. टू-स्ट्रोकचा तो पोकळ, ठणठणीत ताल. काका ताठ उभे राहतात. डोळे मिटतात. “रोडकिंग. साखळी सैल आहे.” पुढची. “हीसुद्धा आमचीच.” अंधारातून येणारी प्रत्येक येझदी इथून तासाभराच्या अंतरावर बनलेली आहे, आणि तिचा एखादा बोल्ट या माणसानं आवळलेला असू शकतो. स्वार चिखलानं माखलेले. त्यांच्यापाशी वाटाड्या नाही. टाकीवर कागदाची गुंडाळी, ती अंगठ्यानं पुढे सरकवायची आणि त्याच वेळी खड्डाही चुकवायचा. एक जण चौकाशी येऊन थांबतो, गुंडाळी बघतो, आजूबाजूला बघतो. डावीकडे की उजवीकडे? चिपाडंवाला पोरगा हात वर करतो, सांगायला. काका त्याचा हात खाली ओढतात.

“सांगायचं नाही. त्याचा खेळ आहे.”

स्वार उजवीकडे जातो. उजवीकडे शेत आहे. दोन मिनिटांनी तो परत येतो, पोराकडे बघून हसतो आणि डावीकडे निघून जातो. पोराच्या चेहऱ्यावर हळहळ. तुम्हाला इगतपुरीच्या खडकावरचा तो क्षण आठवतो, डीएसचे लाल दिवे वळणाआड जाताना. माहीत असून गप्प राहणं हे या खेळात बघ्याचं कामच आहे.

पहाटे शेवटची गाडी जाते. तिच्यामागे आयोजकांची जीप, रस्त्यातले बाण काढून घेत. गूळ उतरलेला आहे. काका येझदीवर बसताना सहज म्हणतात, “कारखाना आहे तोवर दर वर्षी हे बघायचं. कारखाना कुठे जातोय!”

तुम्ही १९९६ गिळून टाका. “खरंय,” म्हणा. किक मारा.

*

यादवगिरी. पुन्हा आजची संध्याकाळ.

इंजिन बंद करा. सायलेन्सर थंड होताना टिक टिक वाजतील. काका चहा घेऊन उभे आहेत, केस पुन्हा पांढरे. ते तुम्हाला काय बघितलंत असं विचारत नाहीत. “कुठे उभे राहिलात?” एवढंच विचारतात. जाणत्या बघ्याचा प्रश्न हाच.

रात्रीच्या रॅली आता गावच्या चालू रस्त्यांवर पूर्वीसारख्या होत नाहीत. ज्या कालव्याच्या कडेला रात्री दीड वाजता कुत्रं झोपायचं, तिथे आता रात्रभर वाहनं असतात. वेगाच्या शर्यती रहदारी बंद केलेल्या टप्प्यांवर गेल्यात, चिक्कमगळुरूकडच्या कॉफीच्या मळ्यांत किंवा मैसूरच्या ललितमहालजवळच्या मैदानासारख्या धुळीच्या ट्रॅकवर. बघ्यांना दोरीच्या मागे उभं करतात. हे योग्यच झालं. मिले मिलियाची पाच पोरं आणि पोर्तुगालची तीन माणसं यांची नावं उगाळत बसण्यापेक्षा दोरी बरी. पण दोरीमुळे बघ्याची जबाबदारी संपली असं कुणी समजू नये. आपल्याकडे ‘बघे’ हा शब्द अपघाताच्या बातमीत येतो, काही न करणाऱ्यांसाठी. रॅलीत मात्र बघ्याला काम असतं, आणि ते त्यानं चुकवलं तर माणसं मरतात.

म्हणून कधी गेलात तर एवढं पाळा. उजेड असताना जा आणि जागा ठरवा. वळणाच्या आतल्या अंगाला, रस्त्याहून उंच, पाठीमागे पळायला मोकळी वाट असलेली. बाहेरच्या अंगाला आणि उताराच्या टोकाशी कधीच नाही. पोरांचा हात धरा. अंधारात मोबाइलचा झोत चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नका. बाणाच्या पाटीला, कडेच्या दगडाला हात लावू नका. वाट चुकलेल्याला वाट सांगू नका. एक गाडी गेली म्हणून रस्ता ओलांडू नका, दुसरी दिवे दिसण्याआधी कानाला कळते, म्हणून गप्प राहून ऐका. आणि पुढे निघून गेलेल्या सुसाट गाडीसाठी टाळ्या पिटून झाल्या की मागून सावकाश येणाऱ्याकडे एकदा नीट बघा.